कोळसा पुरेल हो, पाण्याचे काय?

दिवाळीच्या अंकात कोळशाविषयी लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात राख वाढणे, हे मला कळते. पण ज्या गॅसवर तुमची चकली तळली गेली, तसला निम्म्याहून अधिक गॅस या देशात बाहेरून येतो. आणि ज्या दिव्यांच्या माळा तुमच्या गॅलरीत लुकलुकत आहेत, त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोठेतरी बहुधा कोळसाच जळतो आहे. तेव्हा राख ताटात आधीच पडलेली आहे. मी फक्त बोट दाखवतो.

आमच्या सोलापुरात या विषयावर बोलणारे विद्वान दोन तऱ्हांचे. पहिले म्हणतात, ‘घाबरू नका, जगातला कोळसा अजून शंभर-सव्वाशे वर्षे सहज पुरेल.’ दुसरे म्हणतात, ‘कोळसा संपला तर संपू द्या, अणू आहे ना!’ दोघांच्याही तोंडी आकडे असतात, आणि आकडे ऐकले की आपण मराठी माणसे मान डोलावतो. माझे शास्त्र मॅट्रिकपाशी थांबले. पुढे मुलांना शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात आयुष्य चालले आहे. तथापि त्रैराशिक मला येते, आणि एवढ्या कामाला त्रैराशिक पुरे आहे.

मुळात ‘इतकी वर्षे पुरेल’ हे बोलणेच फसवे आहे. पृथ्वी म्हणजे काही स्वयंपाकघरातला पिठाचा डबा नव्हे, की झाकण उघडून आजींनी सांगावे, ‘संक्रांतीपर्यंत होईल.’ 1980 साली जगातले ज्ञात तेल त्या वेळच्या खपाने तीसएक वर्षे पुरेल असा हिशेब निघत होता. 2020 साली तोच हिशेब पन्नासएक वर्षांवर गेला! मधली चाळीस वर्षे जगाने काय तेल न जाळता काढली? नव्या विहिरी सापडल्या, खोलवरचे तेल काढणे परवडू लागले, आकडा फुगला. कोळशाचेही तेच. म्हणून ‘किती वर्षे?’ या प्रश्नाला मी प्रश्नच मानत नाही. इंधन संपण्याच्या पुष्कळ आधी त्याच्या आजूबाजूचे काहीतरी संपते, आणि दिवा तेवढ्यानेच विझतो.

ऑक्टोबर 2021 मध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांपाशी सरासरी चार दिवसांचाच कोळसा उरला होता. जमिनीखाली कोळसा होता की! हिंदुस्थान म्हणजे कोळशाच्या साठ्याने जगातल्या पहिल्या काही देशांपैकी एक. खाणी पावसाने तुंबल्या, मागणी वाढली, साठे वेळेवर भरलेले नव्हते. भूगर्भातले शतक केंद्राच्या दाराशी चार दिवसांचे होऊन उभे राहिले.

आणि हे तर काहीच नव्हे. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात परळी आहे. वैजनाथाची परळी. तिथले औष्णिक केंद्र फेब्रुवारी 2013 मध्ये बंद पडले, आणि जुलै 2015 मध्ये पुन्हा. कोळसा नव्हता म्हणून नव्हे, पाणी नव्हते म्हणून! कोळशाच्या शंभर वर्षांची जपमाळ ओढणाऱ्यांनी एकदा परळीला जाऊन यावे. ज्योतिर्लिंगाचे दर्शनही होईल.

आता घरचे गणित मांडतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचे केंद्र आहे. पहिला संच 2017 मध्ये सुरू झाला, दुसरा 2019 मध्ये. दोन्ही मिळून 1,320 मेगावॅट. चोवीस तास पूर्ण भाराने चालले तर दिवसाची वीज होते सुमारे 3 कोटी 17 लाख युनिट. नव्या औष्णिक केंद्राने युनिटमागे तीन लिटरहून अधिक पाणी वापरू नये, असा सरकारी नियम आहे. म्हणजे नियम न मोडताही दिवसाला साडेनऊ कोटी लिटर पाणी जाऊ शकते. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या होती साडेनऊ लाख. मुलांनो, भागाकार करा. माणशी शंभर लिटर! केंद्र रोज पूर्ण भाराने चालत नाही, हे मला मान्य आहे. निम्मे धरा, माणशी पन्नास लिटर धरा. ज्या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी भरले, त्या शहरातल्या माऊलीला विचारा, पन्नास लिटर म्हणजे किती घागरी.

हे पाणी यायचे कोठून? उजनीहून. ते धरण मोठे विलक्षण! त्याची पोटात घेण्याची ताकद सुमारे 117 अब्ज घनफूट, पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. म्हणून आमच्याकडे धरण रिकामे होत नाही, ‘वजा’ होते. 2024 च्या उन्हाळ्यात ते वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, उसाला का सोडता? उजनीचे पाणी ऊस पितो, त्यापुढे केंद्राचे पाणी म्हणजे चूळ भरण्यापुरते.’ अगदी बरोबर. उसाला मी सोडत नाही. त्याच्यावर लिहायला निराळा दिवाळी अंक लागेल. पण घरातला थोरला उधळ्या आहे म्हणून धाकट्याच्या खर्चाचा हिशेब विचारू नये, हा कोठला न्याय? शिवाय उसाच्या चिपाडापासून वीज तरी होते, ती इथल्याच इंधनावर. तिचेही आम्ही काय केले पाहा. श्री सिद्धेश्वर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून 15 जून 2023 रोजी पाडली. 2025 मध्ये गोव्याची विमाने सुरू झाली. घरच्या चिपाडाची चिमणी आडवी करून बाहेरून आणलेल्या तेलाच्या इंधनावर उडायचे! कायदा कोणाच्या बाजूने होता तो वाद न्यायाधीशांचा. मी इंधनापुरते बोलतो.

राहिला अणू. त्याच्या भक्तांना मी तारापूर दाखवतो. 1963 च्या कराराने अमेरिकेने तीस वर्षे इंधन पुरवायचे ठरले; 1969 मध्ये तारापूरची वीज सुरू झाली. 1974 मध्ये पोखरणचा स्फोट झाला, 1978 मध्ये अमेरिकेने आपला कायदा बदलला, आणि पुरवठ्याला ओढ लागली. मग फ्रान्सचे इंधन आले, मग चीनचे, मग रशियाचे. युरेनियम जगातून संपले होते का? छे! मैत्री संपली होती. पुढे 2008 च्या सुमारास तर युरेनियमच्या टंचाईमुळे आपल्या अणुभट्ट्या जेमतेम निम्म्या क्षमतेने चालत होत्या. थोरियम आपल्या किनाऱ्यावर आहे हे खरे, आणि होमी भाभांनी त्याचा मार्गही आखून दिला. पण त्या मार्गावरच्या कल्पाक्कमच्या भट्टीचे बांधकाम 2004 मध्ये सुरू झाले आणि तिचा गाभा भरायला सुरुवात व्हायलाच 2024 उजाडले. नातवाच्या मुंजीला लागणारे दूध आज विकत घेतलेल्या वासरीवर सोपवावे, तशातली ही गोष्ट.

आणि सूर्य? वैशाखात सोलापूरचे ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाते. यंत्रमागाच्या शेडांवरचे पत्रे दिवसभर नुसते तापत असतात. त्यांच्यावर तावदाने बसवली तर उजनीला पाणी मागावे लागत नाही, पुसण्यापुरते घ्यावे लागते एवढेच. मात्र रात्रपाळीचे माग उन्हावर चालत नाहीत. साठवण लागते, आणि तिच्या बॅटऱ्यांचा मालमसाला पुन्हा परदेशी. तेव्हा फताटेवाडीच्या भट्ट्या उद्या विझवा, असे मी म्हणणार नाही. चादर विणणाऱ्याच्या पोटाशी खेळ होईल.

माझे मागणे धाकटे आहे. 2016 च्या वीजदर धोरणाप्रमाणे शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने ते शुद्ध केलेले पाणी वापरणे बंधनकारक आहे. नागपूरचे सांडपाणी असे शुद्ध होऊन कोराडीला जाते. फताटेवाडी सोलापूरहून त्या अंतराच्या पुष्कळ आत आहे. तर इंद्रभुवनाच्या दारात महापालिकेने एक फळा लावावा आणि त्यावर दर महिन्याला दोन आकडे लिहावेत: केंद्राने उजनीचे किती लिटर घेतले, आणि गटाराचे शुद्ध केलेले किती. खडू मी देतो. फळा मात्र चैत्राच्या आत लागला पाहिजे. उजनी वजा होऊ लागली की तो वाचायला कोणी मोकळे नसेल. सारे टँकरच्या रांगेत असतील.