‘आर्ट्सला टाकलं’ म्हणण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. बहुतेक फोन पालकांचे असतात आणि वाक्य ठरलेलं असतं : “सायन्सला नंबर लागला नाही, मग आर्ट्सला टाकलं.” हे ‘टाकलं’ ऐकत राहावं असं क्रियापद आहे. मुलीच्या बाबतीत वाक्य आणखी छोटं होतं. “घराजवळ कॉलेज आहे, लग्न जमेपर्यंत जाऊ दे.” मोहल्ल्यातले चाचा तर हमखास विचारतात, “बी.ए. करके क्या करेगा?”

चाचांना हसू नका. ज्या घरात एक कमावणारा आणि खाणारी सहा तोंडं आहेत, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गाइड पाठ करून, वर्गात पाय न ठेवता मिळवलेल्या बी.ए.ला बाजारात किंमत नाही, हे चाचा बरोबर ओळखतात. त्यांची चूक एवढीच की दोष ते विषयाला देतात.

मी स्वतः असंच बी.ए. केलं. भूगोल घेतला, कारण तास सकाळी असायचे आणि दुपारी दुकानावर बसता यायचं. तीन वर्षांत पास झालो, पदवी मिळाली. पुढे आमच्या भागातल्या वॉर्डांची फेररचना झाली, मोहल्ल्याचे दोन तुकडे झाले आणि हरकती नोंदवायला पंधरा दिवस मिळाले. नकाशा माझ्यासमोर पसरलेला होता आणि भूगोलाचा मी पदवीधर; तो मला वाचता येईना. शेवटी सर्व्हेचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला बोलावलं. त्या दिवशी मला समजलं की तीन वर्षं मी काय फुकट घालवलं.

देशाच्या लोकसंख्येत मुस्लिमांचं प्रमाण 2011च्या जनगणनेनुसार 14.2 टक्के आहे. उच्च शिक्षणाच्या 2020-21च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात एकूण विद्यार्थ्यांमध्ये ते साधारण 4.6 टक्के होतं. म्हणजे कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचणारेच आपल्यात इतके कमी. त्यातला कोणी कॉमर्स-सायन्स हुकलं म्हणून मान खाली घालून आर्ट्सच्या वर्गात बसत असेल, तर ते नुकसान त्याच्या एकट्याचं राहत नाही.

आपल्या समाजाविषयीच्या चर्चेत गेली जवळपास वीस वर्षं ज्या एका दस्तऐवजाचं नाव निघतं, तो सच्चर समितीचा 2006चा अहवाल. समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती होते, सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे अर्थतज्ज्ञ. जनगणना, नमुना पाहणी, बँका आणि खात्यांची माहिती असे आकडे एकमेकांशेजारी मांडून त्या समितीने जे दाखवलं, ते शंभर मोर्च्यांना दाखवता आलं नव्हतं. मोर्चा निघाला पाहिजेच. पण मोर्च्यात वाटायच्या पत्रकातला आकडा कुठून आला, हे सांगणारा आपल्यात कोणीतरी हवा. अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र घेणार असाल तर संख्याशास्त्राचा पेपर टाळू नका. टाळण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, आणि मुलं ती आनंदाने घेतात.

मला जास्त बोलायचं आहे ते भाषा आणि इतिहासाबद्दल. इथे आपल्या मुलांच्या हातात असं काहीतरी आहे, ज्याची त्यांना लाज वाटायला शिकवलं गेलं आहे. घरात दखनी किंवा उर्दू, रस्त्यावर आणि शाळेत मराठी, कुरआन वाचण्यापुरती अरबी लिपीची ओळख. “आमची कुठलीच भाषा धड नाही,” असं मुलं म्हणतात. कोकणातल्या मुलांचं घरचं बोलणं वेगळं असतं, त्यांचीही तक्रार हीच.

आता हे बघा. मराठवाडा 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथलं दफ्तर आधी फारसीत, नंतर उर्दूत चालत असे. इनाम जमिनींचे मुंतखब, महसुलाची कागदपत्रं, दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या मिळकतींच्या नोंदी आजही कोर्टात पुढे येतात आणि त्या वाचणारा माणूस शोधावा लागतो. 2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या उर्दू आणि मोडी कागदांसाठी जाणकारांची शोधाशोध झाली. लाखो लोकांच्या आरक्षणाचा प्रश्न ज्या कागदांवर अडला होता, त्यातल्या काहींची लिपी आपल्या मदरशाबाहेर खेळणाऱ्या पोराला येत होती! अर्थात लिपी येणं म्हणजे दस्तऐवज वाचता येणं नव्हे. शिकस्ता म्हणजे घाईघाईत लिहिलेलं फारसी अक्षर, ते भल्याभल्यांना लागत नाही. पण पहिली पायरी कोणाच्या घरात आहे, हे उघड आहे.

आपल्याकडे हे काम प्रामुख्याने इतरांनी केलं, आणि उत्तम केलं. फारसी-मराठी कोश 1925 साली काढला तो माधव जूलियन यांनी. ते फारसीचे प्राध्यापक होते. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली. आपल्यातले यू. म. पठाण मराठीचे प्राध्यापक, संतसाहित्याचे अभ्यासक. बखरींतल्या फारसीवर त्यांनी लिहिलं, आणि 1990च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सोलापूरचे फक्रुद्दीन बेन्नूर राज्यशास्त्र शिकवत. आर्ट्सचीच माणसं ही. आज इतिहासावरून व्हॉट्सअॅपवर रोज भांडणं लागतात आणि आपली मुलं त्यात एक तर गप्प बसतात किंवा उलटा फॉरवर्ड पाठवतात. मूळ कागद वाचून “इथे असं लिहिलेलं नाही” म्हणणारा एखादाच. तो आणखी दहा वर्षांनी मिळायचा असेल तर त्याचा प्रवेश याच जूनमध्ये व्हायला हवा.

इतिहास किंवा मराठी मुख्य विषय घेऊन दुसरी भाषा उर्दू ठेवावी, असं माझं मत आहे. फारसी शिकवणारी कॉलेजं राज्यात फार थोडी उरली आहेत. ती जिथे नसेल तिथे सुट्टीत, जाणत्या माणसाकडे बसून शिकावी लागेल. मोडीचे छोटे वर्ग राज्याचा पुराभिलेख विभाग घेतो. फारसी किंवा अरबीतच पदवी करायची असेल तर दिल्लीत जेएनयूमध्ये बी.ए. ऑनर्सची सोय आहे. पण त्यासाठीची सीयूईटी परीक्षा बारावीच्या निकालाची वाट बघत नाही, अर्ज आधीच भरावा लागतो. निकालानंतर चौकशी करणारे दरवर्षी भेटतात. वाईट वाटतं.

नव्या धोरणाबद्दल एक सावधगिरी. आता पदवी तीन वर्षांची, ऑनर्स हवी तर चार. पहिल्या वर्षानंतर काही जादा क्रेडिट मिळवून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन. परत यायला तीन वर्षांची मुदत, आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. कागदावर ही सवलत आहे. आपल्या घरांमध्ये तिचा अर्थ काय लावला जाईल, ते मला दिसतं : “एक साल का सर्टिफिकेट मिल गया ना, बस हुआ.” आणि हे भावाला ऐकावं लागेल त्याआधी बहिणीला ऐकावं लागेल. मुलींनो, प्रवेश घेतानाच घरी तीन वर्षांचं बोलून घ्या. अब्बांना जमत नसेल तर अम्मीला, नाहीतर खालाला मध्ये घाला. तीन वर्षं कॉलेजला जाणं अगदीच अशक्य असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. तिथून काम करता करता बी.ए. झालेले अनेक आहेत. फक्त तिथे वर्गातला शिक्षक नसतो, वाचनाची शिस्त स्वतःच लावावी लागते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि कॅन्टीनवर जाऊ नका. ऑफिसात तीन गोष्टी विचारा. तुमच्या विषयाची तुकडी अनुदानित आहे का, कारण फीचा फरक मोठा पडतो. त्या विषयाच्या शिक्षकाची जागा भरलेली आहे की तासिका तत्त्वावर कोणीतरी येऊन जातं? आणि मागच्या वर्षी त्या विषयाचा वर्ग खरोखर भरत होता का? तिसऱ्याचं उत्तर ऑफिसातून मिळणार नाही. ते सेकंड इयरच्या मुलांना गेटवर गाठून विचारा, आणि फी भरायच्या आधी विचारा.