साक्षीला भाषा लागते

‘न्यायदेवता आंधळी असते’ हे वाक्य आपल्या अग्रलेखांतून, भाषणांतून आणि समीक्षेतून इतक्या वेळा फिरले आहे, की त्यात कोणाची मानहानी होत असेल अशी शंकाही कोणाला शिवत नाही. वस्तुतः त्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी असते. म्हणजे तिला दिसते, पण ती पाहत नाही. जन्मांध माणसाला हा पर्याय नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातील नवी मूर्ती चर्चेत आली. तिच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती आणि हाती तलवारीऐवजी संविधान होते. त्या बदलाचे कौतुक भरपूर झाले. आमचे म्हणणे एवढेच, की मूर्तीचे डोळे उघडल्याने न्यायालयाची एक पायरीही कमी होत नाही आणि बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला दुभाषा मिळत नाही.

हा प्रश्न राजधानीतल्या ग्रंथालयात बसून नीट दिसणार नाही. तो सातपाटीहून पाहावा. पालघर तालुक्यातले हे मच्छीमारांचे गाव पापलेटसाठी ख्यातनाम आहे, आणि त्या पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान दिला. या किनाऱ्याची मांगेली, वाडवळी या बोलींची श्रीमंती बोलीभाषांच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. शब्दसंग्रह होतात, लोकगीते ध्वनिमुद्रित होतात, प्रबंध लिहिले जातात. पण त्याच घरातली एखादी कर्णबधिर मुलगी आईशी आणि बहिणीशी ज्या खुणांनी बोलते, त्या खुणांना भाषा म्हणून कोणी मोजले? समजा, उद्या ती मुलगी एखाद्या गुन्ह्याची एकमेव साक्षीदार ठरली, तर तिचे म्हणणे न्यायाधीशांपर्यंत कोण नेणार?

कायद्याने या प्रश्नाला कसे उत्तर दिले ते पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील ११९ व्या कलमाचा मथळाच ‘मुके साक्षीदार’ असा होता. २०१३ च्या दुरुस्तीने तो शब्द गेला. त्या जागी ‘तोंडी संवाद साधू न शकणारा साक्षीदार’ आला; त्याच्यासाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षक घेणे आणि जबानीचे चित्रीकरण करणे न्यायालयावर बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. या दुरुस्तीची गरज किती होती, हे राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंग या खटल्याच्या २०१२ च्या निकालात दिसते. खुनाच्या त्या प्रकरणात एका मूकबधिर स्त्रीची साक्ष तिच्या वडिलांना दुभाषा करून नोंदवली गेली. शपथ ना तिला दिली गेली, ना त्यांना. तिने केलेल्या खुणा कागदावर उतरल्याच नाहीत, उतरला तो फक्त त्यांचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची सुटका कायम ठेवली. आरोपी दोषी होता की निर्दोष, हे ठरवणे आमचे काम नव्हे. पण एका बाईने जे सांगितले ते पुरावा होऊ शकले नाही, कारण ते नोंदवण्याची रीत तिच्यासमोर बसलेल्यांनी पाळली नाही.

कायदे कमी आहेत असे कोणी म्हणू नये. भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००७ मध्ये स्वीकारला. त्याचे तेरावे कलम न्याय मिळवण्याच्या हक्काचेच आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे बारावे कलम तेच सांगते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळायला हवा, आणि तोही तिचे उत्पन्न न पाहता. २०२१ मध्ये पाटन जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की अंध स्त्रीने हल्लेखोराला आवाजावरून ओळखले म्हणून तिची साक्ष कमी दर्जाची ठरत नाही. २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात असुरक्षित साक्षीदारांची व्याख्या विस्तारून अपंगांना तीत घेतले गेले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांच्यासाठी साक्षकेंद्रे उभारण्याचे आदेश निघाले. आणि तरीही सातपाटीच्या त्या मुलीने एसटीने पालघर गाठल्यावर तिच्या खुणा समजणारे माणूस तिथे असेल, याची हमी या सगळ्या कागदांत मिळून कोणी देत नाही.

तुरुंगाच्या भिंतीआड तर ही उदासीनता उघड क्रौर्य होते. जी. एन. साईबाबा हे दिल्लीतल्या एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवणारे प्राध्यापक. लहानपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवर अवलंबून. गडचिरोलीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना जन्मठेप दिली आणि नागपूरच्या तुरुंगातल्या अंडा सेलमध्ये त्यांनी वर्षे काढली. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दुसऱ्यांदा निर्दोष ठरवले, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते वारले. तळोजा तुरुंगातले स्टॅन स्वामी कंपवाताने थरथरत्या हातांनी पेला धरू शकत नव्हते. पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाकडे अर्ज केला. त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्याआधीच, ते गेले. या दोघांच्या राजकीय विचारांशी कोणी सहमत व्हावे अशी आमची अट नाही. पेल्याला विचारसरणी नसते.

सातपाटीच्या उत्तरेला, बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कायद्याचे दुसरे रूप भेटते. कामावर गमावलेल्या अवयवांचे मोल कायद्याने बारकाईने ठरवले आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत तुटलेल्या अंगठ्यासाठी कमावण्याची क्षमता तीस टक्क्यांनी घटल्याचे धरले होते. यंत्रात सापडलेल्या बोटांचा हिशेब ज्या व्यवस्थेला पेरापेरापर्यंत ठेवता येतो, तिला तोच कामगार दाद मागायला आल्यावर उतरण आणि कठडा का सुचत नाही? शरीराची किंमत करताना दिसणारे तपशील त्या शरीराच्या माणसाला आत घेताना अचानक खर्चिक का होतात?

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळू नये. दुभाषाच्या तोंडून आलेली साक्ष म्हणजे दुभाषाचेच बोलणे. मग आरोपीच्या उलटतपासणीच्या हक्काचे काय? हा हक्क आम्हांलाही मोलाचा वाटतो. म्हणूनच दुभाषा शपथेवर हवा, नात्यातला नको, चित्रीकरण अखंड हवे आणि बचाव पक्षाला ते दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेता यायला हवे. चांगला दुभाषा साक्षीदाराचा जितका असतो तितकाच आरोपीचाही असतो. दुभाषा नसला की नुकसान दोघांचेही होते.

आता साहित्याच्या मंडळींकडे वळू. भाषांतरात काय हरवते यावर आपण चर्चासत्रे भरवतो. मूळ संहिता आणि तिचा अन्वयार्थ यांतला फरक आपले विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. दर्शनसिंग खटल्यात तर नेमका हाच फरक निर्णायक ठरला. तरीही खुणांची भाषा आपल्या भाषाविभागांच्या दाराबाहेर उभी आहे. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ आपण जिद्दीची कहाणी म्हणून वाचतो, हळहळतो आणि पुस्तक मिटतो; एका नागरिकाचा जबाब म्हणून ते वाचण्याची सवय आपल्या समीक्षेला अद्याप लागलेली नाही. ‘लंगडी सबब’, ‘बहिरे सरकार’, ‘पांगळा कायदा’ ही आपली आवडती विशेषणे. ज्या समाजाची रूपके अपंगत्वाला दोषाचे दुसरे नाव समजतात, त्या समाजाचे न्यायाधीश, वकील आणि हवालदार त्याच भाषेत वाढलेले असतात. ‘अपंग’ खोडून ‘दिव्यांग’ लिहिणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि म्हणूनच तो सर्वांत लवकर झाला.

आमची मागणी साधी आहे. पालघरसारख्या प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरणाने खुणांच्या भाषेच्या दुभाषांची सूची जाहीर करावी आणि त्यांना मानधन द्यावे. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी हे दुभाषे घडवण्याची जबाबदारी घ्यावी. गावोगावच्या घरगुती खुणांची नोंद बोलींच्या नोंदीइतक्याच आस्थेने व्हावी. पुढच्या बोलीसर्वेक्षणाची प्रश्नावली घेऊन जे सातपाटीला जातील, त्यांनी तीत एक प्रश्न वाढवावा: या घरात हातांनी बोलणारे कोणी आहे काय?