सेवेच्या खात्यावर काय लिहायचं?



सध्या आपल्या घराघरांत एक नवीन विषय निघतो. नात किंवा भाची बारावी होते आणि सुट्टीत तीन-चार आठवडे परदेशी ‘व्हॉलंटियर’ म्हणून जायचं म्हणते. आफ्रिकेतल्या एखाद्या प्रसूतिगृहात मदत करायची आणि त्यासाठी कुठल्यातरी कंपनीला भरभक्कम फी मोजायची. परत येताना सर्टिफिकेट मिळतं, ते परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडता येतं. आमच्या महिला मंडळाकडे अशाच एका प्रवासासाठी औषधदानाच्या निधीतून मदत मागितली गेली. मुलीला सिएरा लिओनला जायचं होतं. मी ‘नाही’ म्हटलं. काही जणींना ते रुचलं नाही, म्हणून कारणं नीट मांडते.

मुलींची कळकळ खोटी आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. गरजही खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात गरोदरपणात आणि बाळंतपणात जगभर सुमारे 2,87,000 बायका दगावल्या. म्हणजे रोज जवळजवळ आठशे. त्यातल्या सुमारे 70 टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या. सिएरा लिओनमध्ये त्या वर्षी लाख जन्मांमागे 443 आया गेल्या. आपल्या महाराष्ट्रात 2018-20 चा हाच आकडा 33 आहे. यावरून काय ते समजा.

या बायका कशाने जातात? बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, रक्तदाब वाढून झटके येतात, जंतुसंसर्ग होतो, नाहीतर बाई अडते आणि सिझेरियन करणारं कोणी जवळ नसतं. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे, पण त्यासाठी शिकलेला हात वेळेवर लागतो. अतिरक्तस्रावात दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. तिथे अठरा वर्षांची, काहीच न शिकलेली मुलगी काय करणार? तिला ना नाडी बघता येत, ना रक्त किती गेलं ते समजत. भाषाही येत नाही. सिएरा लिओनमध्ये सरकारी कारभार इंग्रजीत चालतो खरा, पण कळा सोसणारी बाई क्रिओ, मेंडे किंवा टेम्ने भाषेत बोलते. तिला धीर द्यायचा तरी कसा? उलट, आधीच कामाखाली दबलेल्या नर्सला या पाहुणीला सांभाळावं लागतं.

आता एक प्रश्न मनाशी विचारून बघा. आपल्या सुनेच्या बाळंतपणात लेबर रूममध्ये एखादी परदेशी कॉलेजकन्यका फोन घेऊन ‘अनुभव घ्यायला’ उभी राहिली, तर आपण चालवून घेऊ का? आपण डॉक्टरांना तिथल्या तिथे सुनावू. मग त्या गरीब बाईची लाज आपल्या सुनेच्या लाजेपेक्षा कमी आहे का? ती नाही म्हणत नाही, कारण तिला नाही म्हणायची सोय नाही.

मी कॉमर्सची पदवीधर, मंडळाचे हिशेब बरीच वर्षं बघते आहे. हिशेबात पहिला नियम असा, की खर्च ज्याचा त्याच्या खात्यावर पडला पाहिजे. विमानाचं तिकीट, व्हिसा, यलो फीवरची लस, विमा, कंपनीची फी, हा सगळा खर्च मुलीच्या शिक्षणाचा आणि प्रवासाचा आहे. त्यातून जग दिसतं, डोळे उघडतात, हा फायदा तिचा. आई-वडिलांची ऐपत असेल तर त्यांनी तो अवश्य करावा. फक्त तो दानाच्या खात्यावर टाकू नये. त्या व्यवहारात देणारी ती बाळंतीण असते, घेणारी आपली मुलगी.

मग परदेशी माणसाने तिथे जाऊच नये का? जावं, पण कसं ते सिएरा लिओनकडेच बघून कळतं. 2000 साली तिथे लाख जन्मांमागे दीड हजारांहून जास्त आया जात होत्या. तेव्हा देशात यादवी चालू होती, ती 2002 मध्ये संपली. एप्रिल 2010 पासून सरकारने गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांचे उपचार मोफत केले. पुढे 2014 मध्ये इबोलाची साथ आली आणि तिच्यात दोनशेहून अधिक आरोग्य कर्मचारी गेले. तरी उरलेल्यांनी काम सोडलं नाही. आकडा खाली आला तो मुख्यतः या तिथल्याच माणसांच्या कष्टांवर.

बाहेरच्यांनी केलेलं एक चांगलं कामही तिथलंच आहे. टोंकोलिली जिल्ह्यातल्या मसांगा इथे 2011 पासून नॉर्वेच्या कॅपाकेअर या संस्थेने तिथल्या सरकारबरोबर प्रशिक्षण सुरू केलं. डॉक्टर नसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सिझेरियन आणि तातडीच्या शस्त्रक्रिया शिकवायच्या. शिकवायला परदेशी सर्जन स्वयंसेवक म्हणून येतात आणि परत जातात, पण शिकलेले हात जिल्ह्याच्या इस्पितळांत राहतात. या अधिकाऱ्यांनी केलेली सिझेरियन डॉक्टरांच्या सिझेरियनपेक्षा कमी सुरक्षित नाहीत, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळे त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले, असं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. रात्री-अपरात्री हाकेला ओ देणारी बाई गावातलीच होती, हे त्यातलं महत्त्वाचं.

कोणी म्हणेल, मुलीच्या मनात चांगला भाव आला आहे, त्याला खो का घालायचा? पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदना देणं या तिन्हींची जबाबदारी सांगितली आहे. आपण पैसे देतो, परत आल्यावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो, म्हणजे करवणं आणि अनुमोदना आपलीच. मग नेमकं कशाला अनुमोदन देतो आहोत, ते बघायला नको का?

म्हणून मंडळापुढे मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. निधी द्यायचा तर नर्सिंग किंवा सुईणकामाचं शिक्षण घेणाऱ्या गरजू मुलीच्या फीला द्यावा, मग ती कुठल्याही समाजाची असो. आणि आपल्या ज्या मुलीला खरंच परदेशी सेवेला जायचं आहे, तिला सांगावं, आधी नर्स हो, डॉक्टर हो, दोन-तीन वर्षं काम कर. मग तिथलं इस्पितळ बोलावेल तेव्हा निदान सहा महिन्यांसाठी जा आणि जाण्याआधी चार वाक्यं त्यांच्या भाषेतली शिक. डॉक्टरच व्हायला हवं असंही नाही. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संस्थांना हिशेबनीस आणि औषधांचा साठा सांभाळणारी अनुभवी माणसंही लागतात.

अशी मुलगी निघेल तेव्हा तिच्या तिकिटासाठी पहिली वर्गणी माझी. तुमचं मत वेगळं असेल तर मोकळेपणाने कळवा. पुढच्या बैठकीत ते मी वाचून दाखवेन.