नोंद आणि निरोप

26 जुलै 2005 च्या प्रलयाला आता दोन दशके उलटून गेली आहेत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, तो जेमतेम 73 मिलिमीटर होता. फोर्टमधील कार्यालयांतून दुपारी घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीकडे निघालेल्या चाकरमान्यांना आपण कशाच्या तोंडी चाललो आहोत याची कल्पना नव्हती. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

मिठी नदीचे आवळलेले पात्र, तुंबलेले नाले, अतिक्रमणे ही कारणे आपण वारंवार ऐकली आहेत आणि ती खरीच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते. पाऊस मोजला जात होता, पण त्याचा निरोप घराकडे निघालेल्या माणसाला वेळेत मिळत नव्हता. शहरातील जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता 50 मिलिमीटर करावी, असे ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने 1993 मध्येच सुचविले होते. पुढील बारा वर्षे ते काम बव्हंशी रखडले. माहिती होती, तिच्या आधारे पाऊल उचलणारी व्यवस्था नव्हती.

माहितीवर व्यवस्था उभारण्याचा विचार आपल्याला परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्यासाठी धान्यकोठारात कुंड ठेवण्यास सांगितले आहे. प्रदेशवार पावसाची मानेही तेथे दिली आहेत; अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा, पाऊस अमर्याद म्हटला आहे. हा खटाटोप कशासाठी? तर पावसाचे मान पाहून कोणते पीक पेरावे, हे सीताध्यक्षाने ठरवावे यासाठी. मोजणे आणि करणे यांची तेथे गाठ घातलेली आहे.

2005 नंतर आपणही काही शिकलो. महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. पूर येण्यापूर्वी विभागवार इशारा देणारी ‘आयफ्लोज’ प्रणाली 2020 मध्ये सुरू झाली. 2022 मध्ये अंधेरीजवळ वेरावली येथे डॉप्लर रडार उभे राहिले. या प्रगतीचे स्वागतच केले पाहिजे. तथापि, यंत्राने दिलेला इशारा अखेरच्या माणसापर्यंत पोहोचविण्याचे काम यंत्र करीत नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात ख्यातनाम पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांचा प्रभादेवी परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून अंत झाला. झाकण उघडे आहे हे कोणाला तरी ठाऊक होते. पाण्यातून चालत येणाऱ्या डॉक्टरांना ते ठाऊक नव्हते.

माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदाही 2005 च्याच ऑक्टोबरात लागू झाला. कोणी न मागता शासकीय यंत्रणांनी माहिती प्रसिद्ध करावी, असे त्याचे चौथे कलम सांगते. नालेसफाई कोठे झाली, पंप कोठे बसले, हे प्रत्येक विभाग कार्यालयाबाहेर पावसाळ्यापूर्वी वाचता आले पाहिजे, आणि तसा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे.

परंतु मागणी करून आपले कर्तव्य संपत नाही. कोणत्या चाळीत पाणी आधी शिरते, तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेले आजोबा कोणाच्या घरी आहेत, रात्री कोणत्या शाळेचे दार उघडून मिळेल, हे रडारला दिसत नाही. घरोघर संपर्क असलेल्या कार्यकर्त्याला ते ठाऊक असते. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक वस्तीत मे महिन्यातच अशी नोंद तयार व्हावी. 1916 हा मदत क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेला असावा, आणि भरतीच्या वेळा व हवामानाचा इशारा कोणी कोणाला सांगायचा हे आधीच ठरलेले असावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. रुग्णांची आणि एकट्या वृद्धांची माहिती विश्वासाने मिळालेली असते. ती मदतीपुरतीच वापरावी.

पुढचा मोठा पाऊस केव्हा येईल हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा शेजारच्या दारावर थाप कोणी मारायची, एवढे तरी आपण आजच ठरवू शकतो.