झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक नव्हे

"डॉक्टर, झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी येतो. झाडपाल्याच्या औषधांची फार जुनी परंपरा असलेल्या चीनकडे पाहिले तर त्याचे उत्तर मिळते.

चिंगहाओ ही तिथली तापावरची वनस्पती. जुन्या ग्रंथातील नोंदीच्या आधारे तू योयो यांनी १९७२ च्या सुमारास तिच्यातून आर्टेमिसिनिन मिळवले. त्यापासून बनलेली औषधे आज आपल्याकडेही मलेरियावर देतात. तू यांना २०१५ साली नोबेल मिळाले.

पण जिथे गुण, तिथे दोषही असतो. १९९० नंतर ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. फांगजीऐवजी तिच्याशी नामसाधर्म्य असलेली विषारी वनस्पती त्यात गेली होती. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. माहुआंग ही दम्यावरची वनस्पती. तीही अमेरिकेत वजन घटवण्यासाठी विकली गेली. हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ साली तिथे अशा विक्रीवर बंदी आली.

चिनी काढ्यांत सर्रास असणारे गानत्साव म्हणजे आपल्या घरातील ज्येष्ठमधच. खोकल्याला तुकडा चघळावा. पण महिनोन्महिने भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते.

झाडपाल्याला माझा विरोध नाही, लपवाछपवीला आहे. रक्तदाबाची गोळी चालू असताना कोणी काढाही घेतो आणि आम्हाला सांगत नाही. वाचकहो, डॉक्टरांकडे जाताना ती पुडीही सोबत न्या. कोणी रागावले तरी चालेल, मूत्रपिंड तर वाचेल!