मूळ खातं कुठल्या शाखेत?

माझ्या मेहुण्याला संगणकावरच्या जुन्या खेळांच्या याद्या करण्याचा नाद आहे. माणसाला नाद असावा. पण यंदा भाऊबीजेला तो बहिणीकडे आला तो ओवाळणीच्या पाकिटाबरोबर यादी घेऊनच. मी यादी वाचली, आणि बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. माझी नजर चुकीच्या रकान्यावर जाऊन थांबली.

यादी ब्रॉडरबंड या अमेरिकन कंपनीची होती. कार्लस्टन नावाच्या दोघा भावांनी १९८० साली काढलेली. म्हणजे भाऊबीजेला विषय तसा शोभणारा. खेळाचं नाव, साल, कर्ता, इथवर हिशेब चोख. पुढचा रकाना 'कशावर चालतो'. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'पुढे लिहिलं होतं, 'पीसी, निन्टेंडो, मॅक इ.'

"ह्यातलं मूळ कुठलं?" मी विचारलं.

"पीसी! डॉसवरचा. अहो दाजी, आपण कराडच्या क्लासात तोच तर खेळलोय की!"

खेळलो होतो, नाकारत नाही. १९९६ साली फी भरली डॉस, वर्डस्टार आणि लोटस शिकायला. बॅच एका तासाची, आणि राजकन्येला वाचवायची मुदतही नेमकी एका तासाची. माझं वर्डस्टार कच्चं का राहिलं हे सूज्ञ वाचकांच्या लक्षात आलंच असेल. पण मी कराडला पाहिला म्हणून तो खेळ डॉसवर जन्मला असं कसं होईल? आमच्या धाकट्याला लहानपणी दूध पिशवीत तयार होतं असं वाटायचं. तो चार वर्षांचा होता. मेहुणा एकेचाळीसचा आहे.

तो खेळ जन्मला ॲपल टू या यंत्रावर, १९८९ साली. यंत्र १९७७ सालचं, म्हणजे तेव्हा निवृत्तीला टेकलेलं. जॉर्डन मेकनर या तरुणानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून ते व्हिडिओवर टिपलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवली. डॉसची आवृत्ती आली १९९० साली. मॅकवर राजपुत्राच्या डोक्याला फेटा चढला. सुपर निन्टेंडोवर १९९२ साली १२ टप्प्यांचे २० झाले आणि ६० मिनिटांची १२०. थकबाकीदारालासुद्धा आम्ही एवढी मुदतवाढ देत नाही!

"पण दाजी, डॉसवर रंग किती छान होते! लोकांनी खेळला तोच."

हे खरं आहे. ज्यांनी तो दुसऱ्या यंत्रांवर नेला त्यांचीही नावं लिहावीत, त्यांचा पगार कापा असं मी म्हणत नाही. पण गिऱ्हाईक जास्त म्हणून ती शाखा मूळ ठरत नाही. आणि मूळ यंत्र ठाऊक नसेल तर खेळ कळतच नाही. आरशातून उडी मारली की राजपुत्राची सावली वेगळी होऊन पळते, आठवतं? तिच्यावर तलवार चालवली की घाव आपल्यालाच! क्लासात आम्ही हे फार मोठं तत्त्वज्ञान समजलो होतो. तर त्या यंत्राची स्मृती राजपुत्राच्या चित्रांनीच भरून गेली होती. शत्रूची नवी चित्रं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मेकनरनं राजपुत्राचंच चित्र जरा सरकवून त्याच्यावरच टाकलं, अन् एक चमचमतं भूत उभं राहिलं. घरात दुसरा सदरा नसला की माणूस आहे तोच उलटा करून घालतो, त्यातलाच प्रकार. ही गरिबी ॲपल टूची. 'पीसी' लिहिलंत की त्या सावलीचा बाप गेला.

बाकीच्या नोंदीही तशाच. टीव्हीला जोडायच्या खेळाच्या कॅसेटमध्ये 'लोड रनर' असायचा, म्हणून तो यादीत 'निन्टेंडो'. डग स्मिथचा हा खेळ १९८३ साली ॲपल टूवर आला. हडसन सॉफ्टनं तो जपानी फॅमिकॉमवर नेला १९८४ साली. 'चॉपलिफ्टर' डॅन गॉर्लिनचा, १९८२, पुन्हा ॲपल टू. सेगानं तो नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर नेला १९८५ साली. तेव्हाची नेहमीची रीत नाण्याच्या यंत्रावरून घरात यायची. इथं गंगा उलटी वाहिली, आणि मेहुण्याच्या यादीत ती सुलटी!

इथं त्यानं डाव टाकला. "लोड रनरचा पहिला खर्डा विद्यापीठातल्या मोठ्या संगणकावर होता. मग तुमचं ॲपल तरी मूळ कसं?"

डाव चांगला होता. मी लाडू तोंडात असल्याचा फायदा घेऊन अर्धा मिनिट काढलं. मग म्हटलं, "ते कच्चं व्हाउचर. तेही लिही, पण शेऱ्यात. नोंद धरायची ती माल पहिल्यांदा विकला त्या दिवसाची."

"एवढं कशाला पाहिजे? आता सगळं सगळीकडे चालतं."

असंच आमच्याकडेही म्हणाले होते. आता कुठल्याही शाखेत पैसे काढता येतात, तेव्हा मूळ शाखेचं काय अडलंय? खातेदार गेला, वारस दारात आले, की मग तोच जुना फॉर्म आणि तीच सही शोधायला मूळ शाखेच्या माळ्यावर चढावं लागतं. मी चढलोय. पाल अंगावर पडली आहे.

मेकनरचा मूळ प्रोग्रॅम असाच हरवला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या. त्यावर ॲपलचं नाव होतं म्हणून किंमत कळली. त्या घरात माझा मेहुणा असता तर 'हा तर डॉसवरचा खेळ' म्हणून खोकं भंगारवाल्याकडे गेलं असतं.

"आधी ओवाळून घे रे, तबकातलं तेल संपत आलं," ही आतून ओरडली.

ओवाळून झाल्यावर त्यानं पेन्सिल मागितली आणि यादीत नवा रकाना आखला. 'मूळ यंत्र'. मला बरं वाटलं. तो गेल्यावर कागद पाहिला, तर 'प्रिन्स'पुढे लिहिलं होतं, 'ॲपल टू (दाजींच्या मते)'.