पुट्टी आणि हातोडा

बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. पाहुणे आले की मी त्यांना हमखास तिथे नेतो. पोरं बॉम्ब नि क्षेपणास्त्रं बघत सुटतात, मी मात्र सी हॉक आणि आलिझेच्या अंगावरून नजर फिरवत राहतो. विमानाच्या पोटाचा पत्रा एकाच दिशेने वळतो, ते सोपं. पण नाकाशी, पंखाच्या मुळाशी तो दोन्ही दिशांनी फुगतो. तिथे नुसता वाकवून भागत नाही. कुठे ताणावा लागतो, कुठे आकसावा लागतो. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचा, मग दोन चाकांमधून पुढेमागे फिरवत गुळगुळीत करायचा.

जुन्या घरांतल्या न्हाणीतली तांब्याची भाण आठवते? तिच्या अंगावर ठोक्यांचे बारीक ठसे असत. ते मठारकाम. तत्त्व तेच! ठोकून पत्रा कडक होतो, तापवला की पुन्हा नरम. तांबं लाल झालं की कारागिराला कळतं. ॲल्युमिनियम लबाड, ते रंग न बदलताच ६६० अंशांना वितळतं. म्हणून पत्र्याला साबण फासतात. साबण काळा पडला की ज्योत बाजूला.

एका गावी चौकात उभं केलेलं लढाऊ विमान पाहिलं. पोचे पुट्टीने भरलेले, वर चकचकीत रंग. याला डागडुजी म्हणायचं? पुट्टीखाली खारी हवा पत्रा खातच राहते.

उडणाऱ्या विमानाची गोष्ट वेगळी. तिथला मिश्रधातूचा पत्रा पाचशेच्या आसपास अंशांवर तापवून झटकन थंड करावा लागतो, शिवाय प्रमाणपत्रं. हवाई दलाचं डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली आलं, ते योग्यच. पण जे कधी उडणारच नाही, त्याचे पत्रे आमचे कासार-तांबट का घडवू शकणार नाहीत? शिकवावं लागेल, मान्य. हातोडेही नवे द्यावे लागतील, कारण तांब्याचा कण ॲल्युमिनियमला चिकटला तर खाऱ्या हवेत तिथूनच ते झिजायला लागतं.

ओळखीच्या एका कासाराला हे सांगितलं. तो हसला. "पयशे कोण दितलो?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याचे हातोडे माळ्यावर आहेत, आणि मुलाने दुकानात मोबाइल मांडलेत.